संजाणचा किस्सा आणि पोफरणची फाईल

बोईसरहून गुजरातकडे निघालेली गाडी वाणगाव, डहाणू, घोलवड, बोर्डी, उमरगाव ही स्टेशने मागे टाकत तासाभरात संजाणला पोहोचते. इराणातून परागंदा झालेले झरथुष्ट्री याच संजाणच्या किनाऱ्याला लागले, असे पारशी परंपरा सांगते. इकडे बोईसरच्या पश्चिमेला, समुद्राकाठी, तारापूरचे अणुऊर्जा केंद्र आहे. त्याच्या तिसऱ्या आणि चौथ्या अणुभट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही दोन गावे जागची उठवली गेली. एका किनारपट्टीवरची ही दोन विस्थापने. पहिल्याची गोष्ट महाराष्ट्रातल्या शाळकरी पोराला तोंडपाठ असते. दुसऱ्या विस्थापनातल्या गावांची नावे पालघर जिल्ह्याबाहेर फारशी कोणाच्या कानावरही गेलेली नाहीत. पहिले प्राचीन आणि दुसरे कालपरवाचे, एकात एक धर्म वाचला आणि दुसऱ्यात दोन लहान गावे हलली, असे याचे कारण सहज देता येईल. मला ते पुरेसे वाटत नाही. घर, जमीन आणि नोकरी दिली की उखडलेला माणूस वसला, असे सरकारदरबारी धरून चालतात. माझे म्हणणे असे की, आपल्या उखडण्याची गोष्ट तो स्वतः सांगतो आणि ज्यांच्यात येऊन राहिला ते लोक ती ऐकतात, तेव्हाच तो पुरता वसतो. या सांगण्यापर्यंत जाणारी वाट बहुतेक वेळा सार्वजनिक कामातून जाते. ही वाट चाललेली माणसे याच भागाच्या इतिहासात सापडतात. ती वाट आज कुठे अडली आहे, हेही इथेच दिसते.

आधी संजाण. शाळेत आपण ऐकतो ती दुधात साखर विरघळल्याची गोष्ट. काठोकाठ भरलेला दुधाचा पेला राजा पाठवतो, पारशांचा दस्तूर त्यात साखर घालून तो परत करतो आणि प्रश्न मिटतो. गंमत अशी की, ही गोष्ट 'किस्सा-ए-संजाण' या काव्यात नाहीच. नवसारीचे पुरोहित बहमन कैकोबाद यांनी १६०० च्या सुमारास फारसीत रचलेल्या या काव्यात जादी राणा आलेल्या लोकांची चौकशी करतो आणि अटी घालतो. तुमचा धर्म काय ते सांगा, इथली भाषा बोला, बायकांनी इथला पेहराव करावा, शस्त्रे उतरवा, लग्ने संध्याकाळी लावा. दस्तूर आपला धर्म राजाला समजेल असा उलगडून सांगतो आणि मगच जमीन मिळते. पुढे याच काव्यात संजाणवर चाल होते, पारशी राजाच्या बाजूने लढतात, हरतात आणि पवित्र अग्नी घेऊन बाहरोटच्या डोंगरात बारा वर्षे लपून राहतात. ते बाहरोट आजच्या पालघर जिल्ह्यात, डहाणू तालुक्यात आहे. दोन कथांमधला फरक बारकाईने पाहण्यासारखा आहे. साखरेची गोष्ट यजमानाच्या सोयीची आहे. आलेल्याने विरघळून जावे, दिसू नये, वर गोडी वाढवावी, एवढीच तिची अपेक्षा. बहमन कैकोबाद यांच्या काव्यात मात्र अटी आहेत, वाटाघाट आहे, नवस आहे, हार आहे आणि दुसऱ्यांदा उखडणेही आहे. घटनेनंतर कित्येक शतकांनी लिहिलेले हे काव्य तारखांसाठी विश्वासार्ह नाही, असा आक्षेप इतिहासकारांनी घेतला आहे आणि तो रास्त आहे. माझा मुद्दा तारखांचा नाही. एवढ्या काळानंतरही आपली हकिकत आपल्या हाताने लिहिलेली असावी असे त्या समाजाला वाटले, आणि ती लिहिताना त्याने राजालाही माणूस म्हणून त्यात जागा दिली. त्यात तक्रार आहे, कृतज्ञताही आहे, पण निवेदन कुठेही दुसऱ्याच्या हाती गेलेले नाही.

काव्य पुरोहितांच्या पोथीत राहिले असते, तर त्याचा पुढचा प्रवास झाला नसता. तो झाला, कारण मधल्या काळात हा समाज सार्वजनिक जीवनात उतरला. तारापूरचेच विकाजी आणि पेस्तनजी मेहेरजी हे बंधू महसुलाच्या मक्त्यांतून वर आले आणि निजामाच्या दरबाराला कर्ज देणारे सावकार झाले. 'पेस्तनशाही' नाण्यांमागचे पेस्तनजी ते हेच. पण सावकारीतून गोष्टी निघत नाहीत. गोष्टींकडे जाणारी वाट मुंबईत, वेगळ्या लोकांनी काढली. १८४९ मध्ये मुलींच्या शाळा सुरू करणाऱ्या तरुणांत दादाभाई नौरोजी होते. १८५१ मध्ये त्यांनीच 'रास्त गोफ्तार' हे वर्तमानपत्र काढले. १८५३ मध्ये पारशी नाटक मंडळी ग्रँट रोडच्या नाट्यगृहात उभी राहिली, तेव्हा तिच्या सल्लागारांत दादाभाई होते आणि भाऊ दाजी लाडही होते. पुढे 'रास्त गोफ्तार'चे संपादकपद सांभाळणारे कैखुशरू काबराजी यांनीच १८६८ मध्ये व्हिक्टोरिया नाटक मंडळी काढली. शाळा, वर्तमानपत्र आणि रंगभूमी या तिन्ही ठिकाणी तीच माणसे दिसतात. रुस्तुम-सोहराबच्या इराणी कथांनी सुरू झालेली ही रंगभूमी गुजरातीवरून उर्दू-हिंदुस्तानीकडे वळली आणि १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात 'आलम आरा' हा पहिला भारतीय बोलपट लागला. तो काढणारे अर्देशीर इराणी होते आणि त्याची कथा जोसेफ डेव्हिड यांच्या पारशी रंगभूमीवरच्या नाटकातून आली होती. यावर कोणी म्हणेल, पारशांकडे जहाजे होती, चीनशी व्यापार होता, इंग्रजांचा आश्रय होता, त्यांचे उदाहरण गरिबाला काय कामाचे? आक्षेप खरा आहे, पण अर्धा. पैसा मुंबईच्या इतर व्यापारी समाजांकडेही होता. तरी नाटक मंडळ्यांत पारशी आघाडीवर राहिले, याचे कारण मला त्यांच्या सार्वजनिक कामाच्या सवयीत दिसते. शाळा चालवताना, पत्र काढताना, सभेत बोलताना आपल्या नसलेल्या लोकांशी त्यांच्या भाषेत बोलावे लागते. गोष्ट सांगण्याची खरी तालीम तीच.

पैशाचा आक्षेप पुरता निकालात काढायचा, तर ज्याच्याकडे काहीच उरले नव्हते असा निर्वासित पाहावा लागेल. भीष्म साहनी १९१५ मध्ये रावळपिंडीत जन्मले. बेचाळीसच्या चळवळीत ते उतरले. मार्च १९४७ मध्ये रावळपिंडीत दंगली पेटल्या तेव्हा ते मदतकार्यात होते. फाळणीने गाव सुटले. मग भाऊ बलराज यांच्यासोबत मुंबईत 'इप्टा' या नाट्यसंघटनेचे काम, पंजाबात आणि दिल्लीत प्राध्यापकी, मॉस्कोत अनुवाद. या सगळ्या काळात रावळपिंडीवरची मोठी कादंबरी त्यांच्या हातून उतरली नाही. ती सुचली ती जुन्या ठाणे जिल्ह्यात. पालघर तेव्हा त्याच जिल्ह्यात होते. मे १९७० च्या दंगलीनंतर भिवंडीला बलराज आणि ख्वाजा अहमद अब्बास यांच्याबरोबर ते गेले. तिथली जळून ओस पडलेली घरे पाहून रावळपिंडी पुन्हा डोळ्यांपुढे उभी राहिली आणि त्यातून 'तमस' आली, असे त्यांनी आत्मचरित्रात नोंदवले आहे. 'तमस'ला १९७५ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. १९८८ मध्ये दूरदर्शनवर तिचे चित्ररूप आले, ते गोविंद निहलानी यांचे. निहलानींचा जन्म १९४० चा, कराचीतला. त्यांचेही कुटुंब फाळणीने इकडे आणलेले. साहनींनी त्यात हरनामसिंगची भूमिकाही केली. प्रक्षेपण थांबवा म्हणून मुंबई उच्च न्यायालयात अर्ज आला, तेव्हा न्या. बख्तावर लेंटिन आणि न्या. सुजाता मनोहर यांनी पूर्ण चित्रपट पाहिला आणि आधी मिळालेली स्थगिती उठवली. सर्वोच्च न्यायालयानेही तो निर्णय उचलून धरला. या कादंबरीत मदत समितीचा एक बाबू आहे. छावणीत माणसे आपापली कहाणी सांगू लागतात आणि तो त्यांना थांबवून आकडे मागतो: किती मेले, किती जखमी, मालमत्ता किती बुडाली. ज्याने मदतकार्यात स्वतः हात घातला आहे त्यालाच हे पात्र सुचू शकते. बाबू दुष्ट नाही. त्याच्या तक्त्यात कहाणीचा रकाना नाही, एवढेच. त्या कामाने साहनींना दोन गोष्टी दिल्या असाव्यात. आपले दुःख अनेकांच्या दुःखांपैकी एक म्हणून पाहण्याची नजर, आणि नोंद होते तेव्हा नेमके काय गळते याची जाण.

आता प्रश्न येतो की, उखडलेल्याने स्वतःच का सांगावे? त्याच्यासाठी चांगल्या लेखकांनी सांगितले तर काय बिघडले? पालघरपुरते पाहिले तर हा आक्षेप वजनदार आहे. भारत सेवक समाजातून आलेल्या गोदावरी परुळेकरांनी १९४५ मध्ये तलासरी-डहाणूच्या वारल्यांचा वेठबिगारीविरुद्धचा लढा संघटित केला आणि पंचवीस वर्षांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' लिहिले. सार्वजनिक कामातून गोष्टीकडे जाण्याचे याहून चोख उदाहरण मराठीत शोधावे लागेल. सरकारी सेवेत असलेल्या विश्वास पाटलांनी धरणग्रस्तांवर 'झाडाझडती' लिहिली, १९९२ मध्ये तिला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि पुढे ते चित्रपट दिग्दर्शनाकडेही वळले. ही पुस्तके नसती तर आपण अधिक अडाणी राहिलो असतो. तरी एक मर्यादा उरतेच, आणि ती दाखवायला पुन्हा निहलानींचाच चित्रपट पुरे. १९८० च्या 'आक्रोश'मध्ये, विजय तेंडुलकरांच्या पटकथेत, लहान्या भिकू हा आदिवासी खुनाच्या आरोपाखाली उभा आहे आणि चित्रपटभर तो बोलत नाही. त्याचा वकील, पत्रकार, कार्यकर्ता, पोलीस सगळे बोलतात. तो शेवटी फोडतो ती किंकाळी. प्रामाणिक कलावंताने आपली हद्द ओळखून केलेली ही निवड आहे. या माणसाच्या मनात काय चालले आहे ते मला ठाऊक असल्याचा आव मी आणणार नाही, असेच ती सांगते. पण आठ वर्षांनी त्याच दिग्दर्शकाने आपल्या विस्थापनाला भिडणारा विषय घेतला, तेव्हा पडद्यावरची उखडलेली माणसे बोलू लागली. भांडली, चुकली, एकमेकांना वाचवती झाली, क्रूरही झाली. बाहेरचा सहृदय माणूस पीडिताला बहुधा निष्पाप आणि मुका ठेवतो. आतला माणूस त्याला दोषांसकट उभा करू शकतो, आणि दोषांसकट उभा राहिलेला माणूसच वाचकाला आपल्यासारखा वाटतो.

या कसोटीवर बोईसर-तारापूर पाहावे. १९६९ मध्ये सुरू झालेले तारापूरचे केंद्र हे देशातले पहिले अणुवीज केंद्र. स्वदेशी बनावटीच्या, प्रत्येकी ५४० मेगावॉटच्या चौथ्या आणि तिसऱ्या अणुभट्ट्या अनुक्रमे २००५ आणि २००६ मध्ये वीज देऊ लागल्या. या दोघींसाठी अक्करपट्टी आणि पोफरण उठली. पुनर्वसनाचा वाद मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. मासेमारांना समुद्रापासून दूर वसवल्याची तक्रार पुन्हा पुन्हा मांडली गेली. या लोकांचे बोलणे आज कुठे सापडते? हरकतीच्या अर्जात, जिल्हाधिकाऱ्यांना दिलेल्या निवेदनात, प्रतिज्ञापत्रात, प्रकल्पग्रस्ताच्या दाखल्यासाठी जोडलेल्या कागदात. या प्रत्येक कागदाला आपला साचा असतो. त्यात भूखंडाचे चौरस मीटर, कुटुंबाची व्याख्या, मोबदल्याची रक्कम आणि नोकरीतला हक्क बसतो. होडी कुठे लागत असे, बोंबील कुठे वाळत, कोणाच्या ओटीवर संध्याकाळी माणसे जमत, नव्या वस्तीत शेजार कसा बदलला, जुन्या गावातच कोणी कोणाला लुबाडले होते, हे त्यात बसत नाही. बसावे अशी अपेक्षाही चूक ठरेल. न्यायालयाला पुरावा लागतो, आठवण लागत नाही. मात्र सार्वजनिक कामाचा टप्पा इथे कोणी गाठलाच नाही, असे म्हणता येणार नाही. तारापूर औद्योगिक वसाहतीच्या सांडपाण्याने खाडी आणि समुद्र नासतो म्हणून राष्ट्रीय हरित लवादात गेली ती अखिल भारतीय मांगेला समाज परिषद, म्हणजे मासेमारांचीच संघटना. रासायनिक कारखान्यांशी कायद्याच्या भाषेत वर्षानुवर्षे झगडणे हे सार्वजनिक कामाचे कठीण रूप आहे. वाटेचा मधला टप्पा या लोकांनी स्वतःच्या बळावर ओलांडला आहे. राहिला आहे तो पुढचा.

इथे तीन शंका उभ्या राहतात. पहिली शंका कायद्याची. प्रकल्पग्रस्त हा निर्वासित नव्हे. त्याने सीमा ओलांडलेली नाही, त्याला मत आहे, न्यायालय आहे, रेशन कार्ड आहे. हे खरे आहे, पण यातून त्याचा गोष्टीवरचा हक्क कमी होत नाही, वाढतो. परक्या राजाच्या अटी मानून आलेल्यांनी आपला किस्सा लिहिला. ज्याला देशाच्या विजेसाठी घर सोडायला सांगितले, तो तर त्या विजेचा भागीदार आहे. दुसरी शंका अशी की, गोष्ट सांगणे म्हणजे प्रकल्पाला विरोध करणे. तसे असते तर 'किस्सा-ए-संजाण' हे राजाविरुद्धचे काव्य झाले असते. विजेची गरज मान्य करूनही तिची किंमत कोणी मोजली हे सांगता येते. ते सांगितले गेले नाही की, मग फक्त घोषणा आणि प्रतिघोषणा शिल्लक राहतात. तिसरी शंका सर्वांत जुनी आहे: आधी पोट, मग कला. तिला उत्तर याच जिल्ह्यात आहे. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला विणकर सेवा केंद्रातले चित्रकार भास्कर कुलकर्णी यांनी वारली पाड्यांवर कागद नेले. गंजाडचे जिव्या सोमा म्हसे भिंतीवरची तांदळाच्या पिठाची चित्रे कागदावर काढू लागले आणि २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. तेव्हा वारल्यांचे पोट भरले होते म्हणून हे झाले नाही. सरकारी नोकरीतला एक माणूस कागद घेऊन गेला आणि काय काढायचे ते त्याने सांगितले नाही, म्हणून झाले. भांडवल किती थोडे लागते, ते यावरून समजते. धोकाही समजतो. आज वारली आकृत्या साड्यांवर, चहाच्या कपांवर, स्टेशनांच्या भिंतींवर सर्रास दिसतात आणि त्या कोणती कथा सांगत होत्या हे विचारणारे थोडे. चित्र बाजारात गेले आणि निवेदक मागे पाड्यावरच राहिला, तर वाट पुन्हा अर्ध्यावर तुटते.

चित्रपटाबाबत हा धोका अधिक मोठा आहे. वसईचा किल्ला कित्येक चित्रपटांत दिसला, नायगावच्या स्टुडिओंत मालिका होतात, पण या जिल्ह्याची माणसे त्यांत बहुधा पार्श्वभूमीला असतात. हल्ली प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे, मग वेगळे काय करायचे, असेही विचारले जाते. फोनवर टिपलेला मोर्चा किंवा लाठीमार हा पुरावा म्हणून मोलाचा आहे. त्याची गोष्ट होते ती कोणीतरी सलग बसून आधी काय होते, नंतर काय झाले, पलीकडच्या अधिकाऱ्याला काय वाटत होते, याची मांडणी करतो तेव्हा. त्याला वेळ जावा लागतो. फाळणी आणि 'तमस' यांच्यामध्ये पंचवीसहून अधिक वर्षे गेली. वारल्यांचा लढा आणि परुळेकरांचे पुस्तक यांच्यातही तेवढीच. अक्करपट्टी-पोफरणच्या विस्थापनाला आता सुमारे वीस वर्षे होत आहेत. तेव्हा विशीत असलेले आज चाळिशीत आहेत. जुने गाव हाताच्या रेषेसारखे ठाऊक असलेली माणसे मात्र एकेक करून जात आहेत. त्यातच डहाणू तालुक्यात वाढवण बंदर येऊ घातले आहे. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरला त्याची पायाभरणी झाली. सुमारे ७६,००० कोटींचा हा प्रकल्प समुद्रात भराव घालून तयार होणाऱ्या १,४४८ हेक्टर जागेवर उभा राहणार. बंदरासाठी जमिनीऐवजी समुद्र घेतला की विस्थापित मोजायचे कसे? घर जागेवर आणि मासे धरायची जागा गेलेली, अशा माणसाला कोणत्याच तक्त्यात रकाना नसतो. त्याची हकिकत तर कागदाच्या साच्यात अजिबात मावणार नाही.

म्हणून मागणी साधी आहे. पुनर्वसनाच्या आराखड्यात रस्ता, पाणी, शाळा, स्मशानभूमी अशा नागरी सुविधांची यादी असते. गाव हलण्यापूर्वी त्याची दृश्य आणि तोंडी नोंद करणे, आणि त्यासाठी गावातल्याच चार-सहा तरुणांना कॅमेरा, ध्वनी आणि संकलन शिकवणे, हे त्या यादीत लिहावे. पुण्याची फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट लघुअभ्यासक्रम घेते, पालघर-बोईसरला महाविद्यालये आहेत. माणसे आणि संस्था नव्याने उभ्या कराव्या लागणार नाहीत. खर्च प्रकल्पाने करावा, पण काय दाखवायचे हे ग्रामसभेने ठरवावे, नाहीतर हाती येईल ती प्रकल्पाची जाहिरात. आणि सरकारची वाट पाहायचीही गरज नाही. या गावांतून आज शिक्षक, ग्रामसेवक, तलाठी, परिचारिका, अणुकेंद्रातले कर्मचारी झालेले अनेक जण आहेत. अर्ज कसा लिहायचा आणि तो का नाकारला जातो हे त्यांना दोन्ही बाजूंनी माहीत आहे. भीष्म साहनींची शिदोरी याहून मोठी नव्हती. अक्करपट्टी-पोफरणच्या माणसांनी आता लिहायला आणि चित्रित करायला बसावे. त्यांनी सांगितले नाही, तर पुढच्या पिढीच्या पाठ्यपुस्तकात तारापूरच्या धड्याखाली फक्त मेगावॉटचे आकडे असतील.